कामाची जागा आणि माणसाचे आरोग्य

(हेमलकसा येथील कार्यकर्ता शिबिरात दिलेले व्याख्यान)



'कामाच्या ठिकाणचे शारीरिक व मानसिक धोके' हा विषय आम्हाला दिला आहे. विषय ऐकताच खाण आणि कारखाना डोळ्यांसमोर येतो. ते स्वाभाविक आहे. चंद्रपूर जिल्ह्यात कोळशाच्या खाणी आहेत, बल्लारपूरला कागद कारखाना आहे. कोळशाची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की फुप्फुस कायमचे निकामी होते, हे आपण जाणतो. पण आपण आज हेमलकसा येथे बसलो आहोत. येथे चिमणी नाही, भोंगा नाही. मग येथली कामाची जागा कोणती? आमचे उत्तर असे की, येथे सारे जंगलच कामाची जागा आहे.

तेंदूपानाचा हंगाम घ्या. एप्रिल-मे महिन्यांत पहाटे अंधारातच बायामाणसे जंगलात शिरतात, उन्हे चढेपर्यंत पाने तोडतात, दुपारी घरी बसून पुडे बांधतात आणि संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून देतात. एका पुड्यात 70 पाने आणि 1000 पुड्यांची एक प्रमाण गोणी. आम्ही बँकेतले कारकून, हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. एखाद्या कुटुंबाने दिवसात 200 पुडे बांधले, तर 14,000 पाने झाली. प्रत्येक पान हाताने तोडायचे, निवडायचे, मोजून रचायचे. ही मान, ही कंबर, हे डोळे कोणाच्या हिशेबात येतात? मजुरी पुड्यावर मिळते. दुखणे ज्याचे त्याच्याकडे राहते.

आणि हे झाले साधे दुखणे. पहाटेच्या अंधारात पायाखाली साप असतो, झुडपाआड अस्वल असते. दिनांक 23 डिसेंबर 1973 रोजी बाबा आमटे यांनी येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांच्या दवाखान्यात अस्वलाने चेहरा फाडलेले, साप चावलेले, मेंदूच्या हिवतापाने बेशुद्ध झालेले रुग्ण खाटेवर घालून मैलोन्‌मैल आणले गेले. त्यांना आपण रुग्ण म्हणतो. पण त्यांतले कितीतरी जण कामावर असतानाच जखमी झालेले कामगार होते, हे आपल्या ध्यानात येत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात मे 2025 मध्ये तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. खाणीत तीन माणसे दगावली असती तर त्याला कामावरील अपघात म्हटले असते. जंगलात मेली, म्हणून लोक 'नशीब' म्हणाले.

मित्रहो, नशीब हा शब्द आपल्याला परवडणारा नाही. दुःखाला कारण असते आणि कारण दूर केले की दुःख दूर होते, ही तथागतांची शिकवण आपण रोज उच्चारतो. ती कामाच्या जागेलाही लावली पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ती लावून दाखवली. 1942 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. डिसेंबर 1943 मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले. 1944 साली खाण कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला. 1946 साली कारखान्यातील कामाचे तास आठवड्याला 54 वरून 48 वर आले. थकव्यालाही कायद्याने मर्यादा घालता येते, हा त्याचा अर्थ. पण हे संरक्षण हजेरीपटावर नाव असलेल्याला मिळाले. तेंदूपान तोडणाऱ्या बाईचे नाव कोणत्या हजेरीपटावर होते?

आता मनाच्या धोक्यांकडे वळू. शरीराची जखम दिसते, मनाची दिसत नाही. या भागात नेमणूक झालेले शिक्षक, परिचारिका, वनरक्षक, बँक कर्मचारी यांचा विचार करा. भामरागडची बदली म्हणजे शिक्षा, असे सरकारी नोकरीत वर्षानुवर्षे बोलले गेले. ज्याला तेथे शिक्षा म्हणून पाठवले जाते, त्याचे मन कामात कसे रमेल? कुटुंब नागपूरला किंवा चंद्रपूरला, पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद, भाषा माडिया, बोलायला कोणी नाही. मग कोणी दारूकडे वळतो, कोणी झोप गमावतो, कोणी उगाच चिडतो. पोलिसांचे तर विचारूच नका. ऑक्टोबर 2009 मध्ये याच तालुक्यात लाहेरीजवळ 17 पोलीस मारले गेले. जे वाचले, ते दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर उभे राहिले. त्यांच्या मनावरचे ओझे कोणी मोजले?

आमच्या कामातही हे आहे. रोखपालाची रोकड कमी भरली तर ती त्याने खिशातून भरायची. ती भीती तो घरी जेवणाच्या ताटावर घेऊन बसतो. नोव्हेंबर 2016 मध्ये नोटाबंदी झाली तेव्हा बँकेतले कर्मचारी रात्री उशिरापर्यंत नोटा मोजत होते. आणि आपल्या समाजातून पहिल्या पिढीत नोकरीला लागलेल्यांना आणखी एक धोका असतो. 'कोट्यातून आला' हे हळूच म्हटलेले वाक्य, चहाच्या टेबलावर नेमकी रिकामी राहणारी शेजारची खुर्ची. याने रक्त येत नाही, पण माणूस आतून झिजतो. तो सुटी घेत नाही, चूक होईल म्हणून दुप्पट काम करतो आणि चाळिशीतच रक्तदाबाची गोळी सुरू होते. विद्यार्थी मित्रांनो, हा तुमचा कमीपणा नव्हे. हा कामाच्या जागेचा दोष आहे. तो बोलून दाखवा, लेखी द्या, संघटनेकडे न्या.

भगिनींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. 2013 च्या कायद्याने कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध तक्रारीची सोय केली आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे अंतर्गत समिती असावी लागते. जेथे ती नाही, तेथील स्त्री जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाऊ शकते. फळीवर पुडे मोजून देणारी बाईही यात येते.

मग उपाय काय? आमच्या मते तो येथल्या ग्रामसभेच्या हाती आहे. 1996 चा पेसा कायदा आणि 2006 चा वनहक्क कायदा यांमुळे गडचिरोलीतील अनेक ग्रामसभा तेंदू आणि बांबू स्वतः विकू लागल्या. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाला 2011 साली बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार मिळाला, हे सर्वश्रुत आहे. पण जो विकतो तो मालक झाला आणि मालकावर कामगाराच्या जिवाची जबाबदारी येते. ठेकेदाराला आपण जो प्रश्न विचारत होतो, तो आता स्वतःला विचारला पाहिजे. हंगामाच्या पैशातून थोडी रक्कम आरोग्यासाठी बाजूला काढावी. एकट्यादुकट्याने जंगलात जाऊ नये, गटाने जावे. उजाडल्यावरच शिरावे. पायात जोडे, सोबत पाणी असावे. साप चावल्यास जखम कापू नये, आवळून दोरी बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. चावलेला अवयव न हलवता सरळ दवाखाना गाठावा. हंगामापूर्वी विम्याचे कागद पूर्ण करावेत. ते कागद भरून देण्याचे काम आमच्यासारख्या कारकुनांनी गावात बसून करावे. समाजाचे ऋण फेडण्याची ही एक रीत आहे.

आणि मन जड झाले तर लाजू नका. टेलिमानस या शासकीय सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे. तो शाळेच्या, बँकेच्या, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहून ठेवा.

माणूस पोटासाठी काम करतो. त्या कामाने त्याचे शरीर आणि मन खाऊन टाकू नये, एवढीच मागणी आहे. ती भीक नव्हे, हक्क आहे. येत्या हंगामापूर्वी आपल्यापैकी प्रत्येकाने एका तरी ग्रामसभेत हा विषय मांडावा, अशी विनंती करून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो.

जयभीम!