एका सहीमागचे दोन कुंचले

(रत्नागिरी येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या किनाऱ्यावर रापण ओढली की मासळीचे वाटे वाळूतच पडतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, दोर ओढणाऱ्याचा वाटा. कलेच्या व्यवहारात मात्र हा न्याय क्वचितच दिसतो, आणि त्याचे उदाहरण शोधायला रत्नागिरीबाहेर जाण्याचे कारण नाही. जुन्या घरांच्या भिंतींवर ते टांगलेले आहे. कमळावर उभी लक्ष्मी, वीणा घेतलेली सरस्वती आणि त्यांच्याशी कायमचे जोडले गेलेले एकच नाव : रविवर्मा.

रविवर्म्यांचे बंधू सी. राजराजवर्मा (१८६०–१९०५) त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान, आणि स्वतः उत्तम निसर्गचित्रकार. १८८८ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी बडोद्याच्या नव्या लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी १४ पौराणिक चित्रे सांगितली. मोबदला ५०,००० रुपये. वेशभूषा आणि वास्तू पाहण्यासाठी दोघा भावांनी उत्तर हिंदुस्थानचा प्रवास केला आणि मग केरळातील किळिमानूरच्या घरी ते कामाला बसले. १८९० च्या अखेरीस चित्रे तयार होती. प्रवास जमेस धरला तरी साधारण दोन महिन्यांस एक मोठे तैलचित्र असा हा वेग पडतो.

तैलरंगाला घाई मानवत नाही. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेऊन ते सावकाश घट्ट होते. खालचा थर कच्चा असताना वरचा चढवला तर पुढे तडे जातात. त्यात पश्चिम किनाऱ्याची दमट हवा! मुदत गाठायची तर एक चित्र वाळत असताना दुसऱ्यावर हात चालता हवा, आणि हातांची वाटणीही हवी. चेहरे व आकृती थोरल्याकडे; मागचे डोंगर, पाणी, आकाश पुष्कळदा धाकट्याकडे. बहीण मंगलाबाई याही चित्रकार होत्या. त्यांचे नाव तर आज जाणकारांनाही आठवून सांगावे लागते.

अशा ठिकाणी ‘शोषण’ हा शब्द आपल्या ओठांवर लगेच येतो. तो येथे बसत नाही. राजराजवर्मा मजूर नव्हते. भावाचा पत्रव्यवहार आणि व्यवहार तेच पाहत. काही चित्रांवर दोघांच्या सह्या आहेत. १८९५ ते १९०४ या काळातील त्यांची रोजनिशी वाचली की दोघे एकाच चित्रशाळेत कसे राबत होते ते कळते. थोरल्याने धाकट्याला लपवले नाही. त्याचे नाव गाळले ते बाजाराने. दरबाराला एक नाव हवे होते, आणि १८९४ मध्ये मुंबईत रविवर्मा छापखाना निघाल्यावर घरोघरच्या गिऱ्हाइकालाही तेच. मूळ चित्राचा एकेक रंग वेगळा करून दगडावर उतरवणारे कारागीर कोण, हे ती तसबीर हौसेने गावी आणणाऱ्या चाकरमान्याला कुठून कळणार? गिरणीच्या तागावर त्याचे तरी नाव कुठे असे!

१९०४ मध्ये म्हैसूर दरबाराने नऊ पौराणिक चित्रे सांगितली. काम हाती असतानाच १९०५ च्या आरंभी राजराजवर्मा वारले. पंचेचाळिशीही पुरती उलटली नव्हती. ती नऊ चित्रे रविवर्म्यांनी भावावाचून पुरी केली, आणि २ ऑक्टोबर १९०६ रोजी तेही गेले.