विमानं पडायची तेव्हा

आम्ही तारकर्लीच्या बचत गटातल्या बायका बोलतो आहोत. मागच्या वेळी सुक्या बांगड्याच्या पॅकिंगबद्दल बोललो होतो आणि आज एकदम विमानाबद्दल बोलणार, म्हणजे तुम्ही म्हणाल ह्या बायकांना झालंय काय. त्याचं असं झालं.

कर्ली नदीच्या पलीकडे, परुळ्याजवळ चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला. त्यानंतर एकदा आम्ही वाळूत बसून मासळी निवडत होतो आणि डोक्यावरून विमान गेलं. आमच्या गटातल्या सगळ्यांत थोरल्या आजी मान वर करून म्हणाल्या, "ह्यां पडत नाय तां कसां गो?" आम्ही हसलो. पण उत्तर कुणालाच देता येईना. मग गटातल्या मुलींनी शोधाशोध केली, पुस्तकं आणली, वाचून दाखवली. तेव्हा कळलं की आजींचा प्रश्न अगदी बरोबर होता. पूर्वी विमानं पडायची. पुष्कळ पडायची.

अमेरिकेतल्या राईट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ ला पहिलं उड्डाण केलं ते १२ सेकंदांचं, १२० फुटांचं. आपल्या रापणीचा दोर त्याहून कितीतरी लांब. ते विमान लाकडाच्या कामट्यांचं होतं आणि पंखांवर शिवलेलं सुती कापड होतं. पाच वर्षं झाली नाहीत तोच, १७ सप्टेंबर १९०८ ला, ऑर्व्हिल राईट यांच्या शेजारी बसलेला सेल्फ्रिज नावाचा लष्करी अधिकारी विमान कोसळून मेला. विमान अपघातात गेलेला तो पहिला प्रवासी. ऑर्व्हिल स्वतः पाय आणि बरगड्या मोडून दवाखान्यात पडले. पण नंतर मोडके तुकडे तपासले गेले. पंख्याच्या एका पात्याला चीर गेली होती, ते पातं थरथरून एका तारेला लागलं, तार तुटली आणि विमानाचं सुकाणू हातातून गेलं, असं निघालं. त्या माणसाचं नशीब खोटं होतं असं म्हणून कुणी घरी गेलं नाही. ही गोष्ट आम्हाला फार लागली. का लागली ते पुढे सांगतो.

त्याआधी एका बाईची गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती आपल्यातलीच वाटली. एमी जॉन्सन तिचं नाव. इंग्लंडमधल्या हल नावाच्या बंदरातली, आणि बापाचा धंदा मासळीचा! विमानांच्या देखभालीचा सरकारी परवाना मिळवणारी ती ब्रिटनमधली पहिली बाई. म्हणजे नुसतं उडवणं नाही, इंजिन खोलून परत बसवणारी. मे १९३० मध्ये, सव्वीस वर्षांची असताना, ती लंडनहून एकटी ऑस्ट्रेलियाला निघाली. विमानाचं नाव जेसन. बापाच्या मासळीच्या धंद्याची जी छाप होती तेच नाव तिने विमानाला दिलं. आपण नाही का होडीवर घरातलं नाव रंगवत, तसंच.

तिच्याकडे वायरलेस नव्हतं. खाली बघायचं, नकाशा बघायचा आणि जायचं. ती कराचीला उतरली, तेल संपत आलं म्हणून झाशीला उतरली, मग कलकत्ता. पुढे रंगूनला पावसाने गाठलं. घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर उतरायचं होतं, पण पावसात काही दिसेना. जवळच्या इनसीन गावात एका शिक्षणसंस्थेचं खेळाचं मैदान होतं, तिथे ती चुकून उतरली आणि विमान चरात गेलं. पंख फाटला, पंखा मोडला. पंखा तिने जास्तीचा बरोबर बांधून आणला होता. पण पंखाचं कापड आणायचं कुठून? तर पहिल्या महायुद्धात उरलेलं विमानाचं कापड त्या भागात विकलं गेलं होतं आणि लोकांनी त्याचे सदरे शिवले होते. ते सदरे फाडून विमानाला ठिगळं लावली! शिवणक्लास केलेल्या आमच्या सगळ्याजणी हे ऐकून उभ्याच राहिल्या. पुढे २४ मेला ती ऑस्ट्रेलियात पोचली.

तिचा शेवट मात्र पाण्यात झाला. ५ जानेवारी १९४१ ला, युद्धाच्या दिवसांत, वाईट हवेत ती एक विमान पोचवायला निघाली होती आणि लंडनच्या थेम्स नदीच्या मुखाशी समुद्रात पडली. तिला वाचवायला थंड पाण्यात उडी घेतलेला जहाजाचा अधिकारीही गेला. तिचं शरीर मिळालंच नाही. शरीर न मिळणं म्हणजे काय, हे किनाऱ्यावरच्या बाईला समजावून सांगावं लागत नाही.

आपल्याकडे जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूवर टपाल आणलं. अहमदाबादला विमानाचं पेट्रोल आलं बैलगाडीतून. जुहूचं मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जायचं, मग मुक्काम पुण्याला हलवायचा. १९३५ मध्ये मुंबई, गोवा, कन्नूर, त्रिवेंद्रम अशी टपालाची वाट सुरू झाली. मुंबईहून गोव्याला जायचं म्हणजे आपल्याच किनाऱ्यावरून. आमच्या पणज्यांनी ते इवलंसं विमान पाहिलं असेल, आणि त्यांनीही आजींसारखाच प्रश्न विचारला असेल.

आता मुख्य गोष्ट. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं पहिलं विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं. चार इंजिनांचं, नाव 'मलबार प्रिन्सेस'. स्वतंत्र देशाचं पहिलं परदेशी विमान, त्याचं कौतुक किती झालं असेल! तेच विमान दोन वर्षांनी, ३ नोव्हेंबर १९५० ला, फ्रान्समधल्या मोंब्लां डोंगरावर आदळलं. आत ४८ माणसं होती, ४० प्रवासी आणि ८ कर्मचारी. एकही वाचलं नाही. आणि ते प्रवासी कोण? जवळजवळ सगळे आपल्या देशातले खलाशी! इंग्लंडमधल्या एका जहाजावर कामाला रुजू व्हायला निघालेले.

हे वाचून झाल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. बोटीवर गेलेली माणसं आपल्या वाड्यांमध्ये घरोघरी आहेत. बोटीवर जाणाऱ्याची काळजी आपल्या हाडात असते, पण त्या घरांनी समुद्राची काळजी केली असेल. डोंगराची कोण करेल? विमानाचे कप्तान इंग्रज होते, सहवैमानिक व्ही. वाय. कोरगांवकर. त्या आडनावाचं गाव, कोरगाव, तेरेखोलच्या पलीकडे पेडण्यात.

झालं काय होतं? त्या दिवशी वादळी हवा होती. शेवटच्या निरोपात विमानाने आपली उंची ४७०० मीटर सांगितली. मोंब्लां आहे ४८०० मीटरच्या वर. म्हणजे डोंगर आपल्या वाटेत आहे हे त्यांना बहुधा कळलंच नसावं. ढगात आपण नक्की कुठे आहोत याचा अंदाज चुकला. शिखर जेमतेम शे-सव्वाशे मीटर वर राहिलं. दोन दिवस तर विमान कुठे आहे तेच कळलं नाही. ५ तारखेला वरून अवशेष दिसले. बर्फातून चढून निघालेल्या तिथल्या वाटाड्यांपैकी रने पायो या माणसाने वाटेतच जीव गमावला. ओळख ना पाळख, परक्या देशातल्या खलाशांसाठी.

इथेच थांबलं असतं तर बरं. पण २४ जानेवारी १९६६ ला एअर इंडियाचं दुसरं विमान, 'कांचनजंगा', जवळजवळ त्याच जागी आदळलं. ११७ माणसं गेली, त्यात शास्त्रज्ञ डॉ. होमी भाभा होते. या वेळी चौकशीत कारण नीट सापडलं. वाट दाखवणारं एक यंत्र निघतानाच बंद होतं. जमिनीवरच्या माणसाने रडारवर बघून विमान डोंगरापासून कुठे आहे ते सांगितलं. वैमानिकाला वाटलं डोंगर मागे पडला, आणि तो खाली उतरू लागला. डोंगर पुढेच होता. एक बंद यंत्र आणि एक वाक्य, सांगणाऱ्याने एका अर्थाने सांगितलेलं, ऐकणाऱ्याने दुसऱ्या अर्थाने घेतलेलं. पुढे जगभर विमानाशी बोलताना ठराविक शब्दच वापरायचे, ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं, यावर जो एवढा भर आला तो अशाच चुका मोजून.

तो बर्फ अजून वितळतो आहे आणि वस्तू खाली येत आहेत. १९७८ मध्ये 'मलबार प्रिन्सेस'मधली टपालाची पिशवी सापडली, आत पत्रं होती. २०२० मध्ये 'कांचनजंगा'मधली भारतातली वर्तमानपत्रं निघाली, इंदिरा गांधी पंतप्रधान होणार ही बातमी असलेली.

आता आमचं सांगतो. काही वर्षांमागे आमच्या वाडीतली एक होडी संध्याकाळी यायची ती आली नाही. तीन माणसं होती. दोन रात्री त्यांच्या बायका आणि आम्ही किनाऱ्यावर बसून काढल्या. कुणी चहा आणला तरी कुणाच्या घशाखाली उतरेना. तिसऱ्या दिवशी सकाळी एका ट्रॉलरने होडी ओढून आणली. इंजिन बंद पडलं होतं. माणसं जिवंत आली, वाडीत नारळ फुटले, आणि विषय संपला. कुणी म्हणालं दर्याचा कोप, कुणी म्हणालं राखणदाराचं राहिलं होतं. वायरलेसची बॅटरी उतरलेली होती, हे आम्हाला चार महिन्यांनी, तेही भांडणात कळलं! होडीवर वायरलेस होतं, मैत्रिणींनो. फक्त चालत नव्हतं. कांचनजंगातल्या यंत्रासारखं.

गाऱ्हाणं आम्ही आजही घालतो, त्यात काही कमी केलेलं नाही. पण त्या विमानांच्या गोष्टी वाचल्यापासून होडी निघताना घरातली बाई चार गोष्टी विचारते: डिझेल किती, बॅटरी भरलेली आहे का, जॅकेटं होडीत आहेत की पडवीत टांगलेली, आणि कुठल्या अंगाला जाणार, कधी येणार. उत्तर तांडेलाने नीट द्यायचं आणि तिने ते परत म्हणून दाखवायचं. सुरुवातीला पुरुष चिडले. "तू काय कॅप्टन झालंस?" असंही ऐकून घेतलं. आता पहाटे तिघंचौघं तरी आपणहून सांगून जातात. सगळे नाहीत. जॅकेट घालायला तर अजून कुणी तयार नाही, उकडतं म्हणतात.

इस्रोने मच्छिमारांसाठी केलेलं संकटाचा संदेश पाठवणारं यंत्र, ज्याला 'डॅट' म्हणतात, ते ज्यांच्या होडीवर आहे त्यांनी ते पुढच्या बैठकीला आणावं. बटण दाबलं की संदेश उपग्रहातून तटरक्षक दलाकडे जातो. ते घरातल्या बाईनेही एकदा हातात घेऊन बघावं. तटरक्षक दलाचा मदतीचा फोन १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. आम्ही हे दोन्ही आकडे चुलीच्या वरच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवले आहेत, कारण फोनमध्ये घातले तर फोन नेमका मुलगा घेऊन गेलेला असतो.

आजींना हे सगळं वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "त्या खलाशांच्या घरी कळला कधी?" ते कुठल्या पुस्तकात मिळालं नाही.