मोपानी : शेंगेचे झाड, पण मुळाला गाठी नाहीत
(भाषणाचा मजकूर)



शेंग धरणारे झाड म्हणजे त्याच्या मुळावर गाठी असणार आणि गाठी म्हणजे जमिनीला फुकटचे नत्र, असा आपला सर्वसाधारण समज आहे. तूर, हरभरा, ताग यांच्या बाबतीत तो बरोबर आहे. झाडांना मात्र तो सरसकट लावता येत नाही. मीसुद्धा सुरुवातीच्या काळात 'शिंबावर्गीय झाडे बांधावर लावा, नत्र मिळेल' असे बिनदिक्कत सांगत असे. आता कोणते झाड, ते आधी विचारतो.

यासाठी आज मोपानी या झाडाची ओळख करून देतो. मोपानी दक्षिण आफ्रिका खंडातले. झांबेझी, लिंपोपो, लुआंग्वा या नद्यांच्या उष्ण, सखल खोऱ्यांत, म्हणजे झिंबाब्वे, झांबिया, बोत्सवाना, नामिबिया, अंगोला, मोझांबिक, मलावी आणि दक्षिण आफ्रिकेच्या उत्तर भागात त्याची मैलोगणती राने आहेत. एवढ्या लांबच्या झाडाचे आपल्याला काय, असे वाटेल. पण जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने, म्हणजे काझरीने, राजस्थानच्या कोरड्या भागासाठी ते लावून पाहिलेले आहे. आणि दुसरे असे, की खानदेश, मराठवाडा व विदर्भातल्या माळावरचा आपला अंजन हा त्याचा जवळचा भाऊबंद आहे. (कोकणात व घाटावर निळ्या फुलांची अंजनी असते, ती वेगळी.)

प्रथम पान पाहू. मोपानीच्या पानाला दोनच पर्णिका असतात. त्या देठाच्या टोकाला जोडीने बसलेल्या, पंख पसरलेल्या फुलपाखरासारख्या. दोन्हींच्या बेचक्यात एक बारीकसे टोक असते, ते तिसऱ्या पर्णिकेचा उरलेला अंश म्हणावे असे. अंजनाचे पान ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वर्णन ओळखीचे वाटेल. मोपानीचे पान चुरगळले तर टर्पेंटाइनचा वास येतो. भर दुपारी ऊन तापले की दोन्ही पर्णिका एकमेकींकडे मिटतात आणि उन्हाला पानाची फक्त कड दाखवतात. त्यामुळे पाण्याची बचत होते, पण दुपारी सावलीला गेलेल्या गुरांची मात्र निराशा होते.

झाड पानझडी आहे. तिकडे पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च. पुढे कोरड्या दिवसांत पाने पिवळी-तांबूस होऊन गळू लागतात. पानगळ एकदम होत नाही, जागेप्रमाणे व ओलीप्रमाणे मागेपुढे होते. नवी पालवी तांबूस येते. गळून वाळलेले पान गुरे, शेळ्या व रानातली जनावरे आवडीने खातात. चारा संपलेल्या दिवसांत तोच आधार असतो.

फूल शोधावेच लागते. लहान, हिरवट, पाकळ्या नाहीत, लोंबणारे पुंकेसर पुष्कळ. परागीभवन वाऱ्याने होते. शेंगांच्या कुळात बहुतेक फुले मधमाश्यांवर अवलंबून असतात, त्यामुळे ही गोष्ट विशेष मानली जाते. शेंग चपटी, मूत्रपिंडाच्या आकाराची, एका बियाची; ती तडकून उघडत नाही. बियावर राळेच्या बारीक ग्रंथी असतात, म्हणून बी चिकट लागते व जनावरांच्या खुराला चिकटून दूर जाते. कोलोफोस्पर्मम या शास्त्रीय नावाचा अर्थही 'राळेचे बी' असाच आहे. 1997 साली काही शास्त्रज्ञांनी मोपानीला अंजनाच्या हार्डविकिया या प्रजातीतच घालावे असे सुचविले होते. ते सर्वमान्य झाले नाही, जुने नाव चालू राहिले.

लाकूड इतके जड की पाण्यात बुडते. वाळवी लागत नाही म्हणून कुंपणाचे खांब व घराचे वासे त्याचे करतात. जळणालाही उत्तम. बुंधा तोडला तरी फुटवा येतो. आपण अळी दिसली की फवारणीचा पंप काढतो. तिकडे मोपानीच्या पानावर वाढणारी एका मोठ्या पतंगाची अळी हे पीकच समजले जाते. बायका-मुले ती वेचतात, आतली घाण पिळून काढून मिठाच्या पाण्यात उकडतात, वाळवतात आणि बाजारात विकतात.

आता जमिनीकडे येऊ. खोल गाळाच्या जमिनीत मोपानी 15 ते 20 मीटर सरळ वाढते. भारी, चोपण, पाणी न मुरणाऱ्या जमिनीत मात्र झुडूपच राहते, पण टिकते, आणि इतर झाडे मागे पडतात तिथे एकटीच रान व्यापते. कडाक्याची थंडी व दहिवर तिला सोसत नाही. मुळ्यांचा मोठा भाग वरच्या थरात पसरतो आणि तिथली ओल गवताशी स्पर्धा करून घेतो. दाट मोपानीखाली गवत विरळ असते. तिकडच्या गुरेपाळांची ही जुनी तक्रार असून, झाडे कमी केल्यावर गवत वाढल्याचे तिथे दिसून आले आहे. आणि एवढे करून मुळांवर नत्राच्या गाठी नाहीत.

यात मोपानी एकटी नाही. 2017 च्या नव्या वर्गीकरणात शेंगांच्या कुळाचे सहा उपकुळे पाडण्यात आली. गाठी धरणाऱ्या जाती त्यांपैकी दोनच उपकुळांत आहेत. मोपानी ज्या उपकुळात आहे त्याच उपकुळात आपला अंजन, चिंच व सीतेचा अशोक येतात. आपटा आणि कांचन आणखी एका उपकुळातले, त्यांनाही गाठी नाहीत. बहावा गाठी धरणाऱ्या उपकुळातला असूनही त्याला गाठी नसतात. उलट शेवरी, गिरिपुष्प, सुबाभूळ, बाभूळ, करंज, पांगारा ही झाडे गाठी धरतात.

म्हणून चिंच किंवा अंजन लावू नका, असे मी म्हणत नाही. चिंचेचे पैसे होतात, अंजनाचा पाला टंचाईत वैरण म्हणून उपयोगी पडतो, लाकूड औताला चालते. त्यांचा पालापाचोळा कुजून खतही होते. पण त्यातले नत्र झाडाने त्याच जमिनीतून वर आणलेले असते, हवेतून नव्हे. त्यामुळे बांधावर अशी झाडे असली म्हणून शेजारच्या पिकाचे नत्र कमी करू नका. हिरवळीच्या खतासाठी बांध भरायचा असेल तर गिरिपुष्प किंवा शेवरी घ्या.

बाहेरून कोणी 'शेंगेचे झाड आहे, जमीन सुधारते' म्हणून बी दिले, तर आधी चार-दोन रोपे पिशवीत लावा. पावसाळ्यात दोन-तीन महिन्यांची झाली की एक रोप मातीसकट पाण्यात बुडवून मुळे हलक्या हाताने धुवा. उपटू नका, उपटताना गाठी तुटून मातीत राहतात. गाठ सापडली तर नखाने फोडून पाहा. आत गुलाबी-तांबडा रंग असेल तर गाठ काम करते आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर आणखी काही आठवड्यांनी दुसरे रोप पाहा. नुसत्या जाडसर फुगवट्याला गाठ समजू नका. सूत्रकृमीनेही मुळे फुगतात. तो फुगवटा मुळाच्या आतच असतो, नत्राची गाठ बाजूला लोंबते आणि बोटाने सहज सुटते.