पूरक आणि रेचक

रात्रपाळी उरकून थेट एसटीने इथे पोहोचलेल्या माझ्या परिचारिका भगिनींनो आणि बंधूंनो, समुपदेशक आणि समाजसेवक मित्रांनो,

अशा परिषदेचं अध्यक्षपद बहुधा डॉक्टरांकडे जातं. यंदा तुम्ही एका निवृत्त सिस्टरला बसवलंत. निमंत्रणाचा फोन आला तेव्हा मला वाटलं, नोंदणीच्या टेबलावर माणूस कमी पडतंय. गैरसमज दूर झाल्यावर पहिल्यांदा आनंद झाला आणि मग धाकधूक सुरू झाली. आजचा विषयही तोच असल्यामुळे ती मी लपवत नाही.

कर्करोगाच्या रुग्णांची चिंता आणि ताण कमी करणारे पूरक उपचार, असं पत्रिकेवर छापलंय. ‘चिंता’ हा शब्द मात्र मी रुग्णांच्या तोंडून फारसा ऐकलेला नाही. ते म्हणतात, जीव घाबरा होतो. धडधडतंय. छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं. पोटात खड्डा पडतो. तरुण पोरं सरळ ‘टेन्शन’ म्हणतात. बायका पुष्कळदा काहीच म्हणत नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळतात आणि सोडतात. आपण त्यांना छापील प्रश्नावली देतो, ‘आपणांस चिंता वाटते का?’ उत्तर येतं, ‘नाही.’ पदर बोटालाच असतो.

रेडिओथेरपी विभागातली एक गोष्ट सांगते. आपले लोक रेडिओथेरपीला ‘शेक’ म्हणतात, काही ठिकाणी ‘लाईट’. तोंडाच्या, घशाच्या कर्करोगाला शेक द्यायचा तर मान रोज तसूभरही न चुकता त्याच जागी हवी. म्हणून चेहऱ्याचा मुखवटा करतात. जाळीदार प्लास्टिकची पाटी साधारण ७० अंशांच्या पाण्यात बुडवून मऊ करायची, ओली-गरम चेहऱ्यावर ओढायची आणि ती कडक होईपर्यंत माणसाने हलायचं नाही. प्लॅनिंग झालं की मग सहा-सात आठवडे, आठवड्यातले पाच दिवस, तोच मुखवटा चढवून टेबलाला खटके लावायचे. आपण सगळे बाहेर. जाड दार सरकतं. आत तो माणूस एकटा, आणि तोंडात घट्ट झालेली, न गिळता येणारी लाळ.

मराठवाड्यातले एक काका होते. गळ्यात माळ आणि खिशात तंबाखू, दोन्ही आपल्याकडे सुखाने नांदतात. दोन दिवस शेक घेतला, तिसऱ्या दिवशी टेबलावर चढेनात. आम्ही शहाण्यांनी निदान केलं, बंद जागेची भीती. गोळी द्यायचं ठरत होतं. मी त्यांना बाकावर बसवलं आणि विचारलं, आत नेमकं काय होतं? बराच वेळ गेला. मग म्हणाले, “सिस्टर, माळ काढून उताणं निजवता. माळ काढून माणसाला कधी निजवतात, ठाऊक हाय ना?”

शेकाच्या वाटेत येते म्हणून आम्ही रोज ती काढून ट्रेमध्ये ठेवत होतो. त्यात वैद्यकीय चूक काही नव्हती. दुसऱ्या दिवशी माळ मनगटाला दोन वेढे देऊन बांधली. काका चढले. मनातल्या मनात हरिपाठ म्हणू लागले. आठवड्याभरात त्यांनी मशीनचा हिशेब बसवला, एका बैठकीला नऊ अभंग. एकदा बाहेर येऊन काळजीने विचारतात, “आज सातातच थांबलं. शेक कमी तर नाही ना दिला?” फिजिसिस्टसाहेबांनी तपासून सांगितलं, शेक पुरा आहे, काकांनी चाल जरा लांबवली होती.

याला कुठला पूरक उपचार म्हणायचं, माइंडफुलनेस, संगीतोपचार की जप? आम्ही फाईलमध्ये काहीच लिहिलं नाही, तसा रकानाच नव्हता असं म्हणून आम्ही मोकळे झालो. पण उरलेले सगळे शेक गोळीशिवाय झाले, एवढं मी पाहिलं.

आता ‘पूरक’ या शब्दाकडे येते. ज्यांनी प्राणायाम केलाय त्यांना हा शब्द दुसऱ्या अर्थाने माहीत आहे. पूरक म्हणजे श्वास आत घेणं, कुंभक म्हणजे धरणं, रेचक म्हणजे सोडणं. घाबरलेल्या माणसाला आपण सगळे काय सांगतो? “दीर्घ श्वास घ्या.” तो बिचारा घेतो. घाबऱ्या माणसाने आधीच हवा जास्त ओढलेली असते. तो आणखी ओढतो. बोटांना झिणझिण्या येतात, ओठ बधिर होतात, आणि त्याला वाटतं, आता संपलं. मुखवट्याखाली तर छाती फुगली की प्लास्टिक आणखीच आवळल्यासारखं वाटतं. त्याला हवा असतो रेचक. हळू, लांब, फुंकर घालून चहा निववतात तसा सोडलेला श्वास. श्वास सोडताना व्हेगस नावाची नस हृदयाची गती उतरवते. आत घेताना ती गती वाढते. म्हणून माझ्या हाताखालच्या मुलींना मी एवढंच शिकवलं: ‘घ्या’ म्हणू नका, ‘सोडा’ म्हणा. घेणं आपोआप होतं.

पुरावा मागणारे सभागृहात आहेत आणि त्यांनी मागायलाच हवा. २०२३ साली अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी आणि सोसायटी फॉर इंटिग्रेटिव्ह ऑन्कॉलॉजी या दोन संस्थांनी मिळून कर्करोगातल्या चिंता-नैराश्यासाठी मार्गदर्शिका काढली. सगळ्यांत भक्कम शिफारस माइंडफुलनेसची, उपचार चालू असताना आणि संपल्यावरही. स्तनाच्या कर्करोगात योगाची. शिवाय संगीत, स्नायू सैलावण्याचे व्यायाम, तळपायाची रिफ्लेक्सॉलॉजी; तपासण्यांच्या वेळी संमोहन, लॅव्हेंडरचा वास. सगळ्यांचा पुरावा सारख्या वजनाचा नाही, हेही त्यात स्वच्छ लिहिलंय. आपल्या टाटा रुग्णालयाने स्तनाच्या कर्करोगातल्या योगाची मोठी चाचणी केली, तीही ८५० स्त्रियांवर, आणि २०२२ मध्ये ती सॅन अँटोनियोच्या परिषदेत मांडली. परळला, जिथे बाकावर बसायला जागा मिळत नाही, तिथे एवढ्या बायकांना वर्षानुवर्षं आसनांना बसवणं काय असतं, हे तिथे काम केलेल्यांनाच कळेल.

पण मला दुसरीच एक जुनी चाचणी जास्त आवडते, कारण ती आपली नक्षा उतरवते. १९८९ मध्ये डेव्हिड स्पीगल यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं की शरीरात पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या ज्या स्त्रिया आठवड्यातून एकदा गटात बसून मनातलं बोलल्या, त्या सरासरी सुमारे ३७ महिने जगल्या, ज्या बसल्या नाहीत त्या १९ महिने. जगभर गवगवा झाला. मन खंबीर असेल तर आयुष्य दुप्पट! पुढे कॅनडात पॅमेला गुडविन यांनी २३५ स्त्रियांवर तोच प्रयोग केला आणि २००१ साली निष्कर्ष छापला, आयुष्यात फरक नाही. स्पीगल यांनी स्वतः पुन्हा करून पाहिलं, त्यांनाही एकूणात तो फायदा दिसला नाही. मात्र गुडविन यांच्या गटातल्या स्त्रियांचं मन हलकं झालं, वेदना कमी जाणवली, आणि सुरुवातीला ज्या जास्त हवालदिल होत्या त्यांना हा फायदा जास्त झाला.

मला हे पुरेसं वाटतं. पुष्कळांना वाटत नाही, हीच अडचण आहे. ‘मन प्रसन्न ठेवा, गाठ विरघळेल’ असं सांगणारे प्रत्येक गल्लीत आहेत. गाठ विरघळत नाही, आणि मग रुग्ण स्वतःलाच दोष देतो की आपणच कमी पडलो. रोग झाला तो झाला, वर हा गुन्हा. एका बाईंनी मला विचारलं होतं, “मी रडले म्हणून वाढला का हो?” असा प्रश्न एखाद्याच्या मनात पेरणं याला मी उपचार म्हणणार नाही, मग त्याला कितीही सात्त्विक नाव द्या.

पूरक म्हणजे पर्यायी नव्हे. येल विद्यापीठातल्या स्कायलर जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या नोंदी तपासून २०१८ मध्ये दाखवलं की बऱ्या होण्याजोग्या कर्करोगात नेहमीचे उपचार सोडून केवळ पर्यायी मार्ग धरणाऱ्यांचा मृत्यूचा धोका अडीच पट होता. स्तनाच्या कर्करोगात तर पाचपटीहून जास्त. आपल्याकडे ही माणसं आधी सिस्टरलाच सापडतात. “डॉक्टरांना सांगू नका, पण गुळवेलीचा काढा चालू आहे.” त्यावर ओरडू नका. ओरडलात की काढा चालूच राहतो, सांगणं बंद होतं. शांतपणे फाईलमध्ये लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलंय. केमोच्या औषधांनी यकृत आधीच राबत असतं.

आपल्या स्वतःच्या चुकाही सांगायला हव्यात. मी काम केलेल्या एका रुग्णालयात देणगीदारांनी केमोच्या डे-केअरला सुगंधी तेलाची यंत्रं दिली. मोगऱ्याचा वास. उद्घाटन झालं, फोटो झाले. दोन-तीन महिन्यांनी एक बाई सांगायला आल्या. त्यांच्या जावेने मोगऱ्याचा गजरा माळला आणि यांना घरातल्या घरात उलटी झाली. केमोची मळमळ जो वास सोबत असेल त्याला चिकटते. हे नंतर पुस्तकात वाचलं, आधी वाचायला हवं होतं. त्या बाईंना गजऱ्याची फार हौस होती. उपचार संपून वर्ष झालं तरी त्या फुलवालीच्या समोरून न जाता रस्ता ओलांडून पलीकडून जायच्या. आम्ही त्यांचा मोगरा घेतला, आणि तो परत कसा द्यायचा ते आम्हाला कळलं नाही.

तशीच काशाची वाटी. तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने घासणं हा आपल्या घराघरातला झोपेचा उपाय. नवऱ्याला, मुलाला हाताला काही काम मिळतं, ही त्यातली निम्मी गोडी. जरूर करू द्या. पण कॅपेसिटाबाईनच्या गोळ्या चालू असतील तर तळवे लाल होऊन सोलवटतात, तिथे घासणं वर्ज्य. प्लेटलेट उतरल्या असतील, पायात गुठळी असेल, हाडात रोग गेला असेल तर दाबून मालिश नको. नुसता हात ठेवला तरी चालतो. योगशिक्षकांना हे कोण सांगणार? तेही आपणच.

आणि ध्यान शिकवण्याआधी दोन गोष्टी बघा. एक, दुखतंय का? दुखणाऱ्या माणसाला डोळे मिटायला सांगितलं की त्याला दुखण्याशिवाय काही दिसत नाही. आधी मॉर्फिन वेळेवर मिळू दे, मग श्वास. दुसरं, कागद झालेत का? जनआरोग्य योजनेची मंजुरी आल्याच्या दिवशी रुग्णाच्या खांद्यांचा जो ताण उतरतो, तो मी कुठल्याही शवासनात उतरताना पाहिलेला नाही. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत खोली मिळाली, फूटपाथवरचं बिऱ्हाड उचललं, यानेही नाडी उतरते. इथे बसलेल्या समाजसेवकांना कुणी थेरपिस्ट म्हणत नाही. मी म्हणते.

मागणी एकच आहे आणि ती शासनाकडे नाही, आपल्याकडेच आहे. मानसिक त्रासाचा शून्य ते दहाचा ‘डिस्ट्रेस थर्मामीटर’ जिमी हॉलंड यांच्या पुढाकाराने तयार झाला, त्याला पाव शतक उलटलं. चार किंवा जास्त आकडा आला की थांबून विचारायचं, इतका तो सोपा आहे. टीपीआरच्या कागदावर ताप, नाडी, श्वास आपण लिहितोच. त्याखाली हा आकडा लिहायला लागू या. पाळीत वेळ नसतो, मला माहीत आहे. तीसतीस खाटा मीही एकटीने सांभाळल्यात. सुई टोचताना ‘सोडा श्वास’ म्हणायला मात्र वेगळा वेळ लागत नाही, आणि माळ कुठे बांधायची हे विचारायलाही नाही.

आता चहा आहे. आयोजकांना मी हट्टाने एक गोष्ट आणायला लावली आहे. बाहेरच्या व्हरांड्यात दोन टेबलं, गरम पाण्याची टाकी आणि प्लास्टिकच्या पाट्या मांडल्या आहेत. ज्यांनी आयुष्यात शेकडो मुखवट्यांचे खटके लावले पण स्वतः कधी त्याखाली निजले नाहीत, त्यांनी आज निजून पाहावं. दहा मिनिटं, हातात घंटी दिली जाईल. व्यासपीठावरच्या मंडळींची नावं मी आधीच वहीत लिहून ठेवली आहेत. मंगळसूत्र, साखळी, माळ काढून ठेवायला ट्रेही आहे.