क्रूझवर स्वतःची वाइन

अमेरिकेतून सुटणाऱ्या कार्निव्हलच्या क्रूझ जहाजावर एकवीस वर्षांवरील प्रत्येक प्रवाशाला पहिल्या दिवशी वाइनची एकच बाटली नेता येते. ती ७५० मिलिलिटरची, सीलबंद आणि हातातल्या सामानात हवी. बियर, व्हिस्की चालत नाही. सामानाच्या एक्स-रे तपासणीत जादा बाटली दिसली की ती काढून घेतात. मद्यपानावर लक्ष राहावं म्हणून हा नियम, असं सांगितलं जातं. त्यात तथ्य आहे. बारमधला कर्मचारी झिंगलेल्या माणसाला पुढचा पेला नाकारू शकतो, केबिनच्या बंद दारामागे तसं कोणी नसतं. पण जे जहाज स्वतःच मध्यरात्रीनंतरही मद्य विकतं, त्याची एवढीच काळजी असेल हे पटत नाही. खरं कारण हिशेबात सापडतं. या कंपनीच्या उत्पन्नाचा सुमारे एक तृतीयांश भाग तिकिटाबाहेरचा, म्हणजे बार, कॅसिनो, सहली अशा खर्चातून येतो.

ही लूट आहे, असा आक्षेप घेतला जातो. मला तो पूर्ण मान्य नाही, कारण याच कमाईवर तिकीट स्वस्त राहतं आणि मद्य न घेणाऱ्या कुटुंबालाही त्याचा लाभ होतो. खटकतं ते वेगळंच. आपलीच बाटली जहाजावरच्या रेस्टॉरंटच्या टेबलावर उघडली की कॉर्केज, म्हणजे बाटली उघडून देण्याचं शुल्क पडतं, आणि अनेकांना ते तिथे बसल्यावरच कळतं. म्हणून तिकीट काढण्याआधीच आपल्या जहाजाचा मद्याचा नियम आणि कॉर्केजचा दर वाचून घ्या.