केसपेपर दोघांच्या नावाचा
(रुग्णालयाच्या दांपत्य मार्गदर्शन मेळाव्यात प्रशासकांनी केलेले भाषण)



अपत्यप्राप्तीच्या उपचारांविषयी प्रशासनाने काय बोलावे, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. आम्ही वैद्यक शिकलेलो नाही. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे आणि आयुष्य बिले, पावत्या व ताळेबंद यांत गेलेले. परंतु काही गोष्टी हिशेबाच्या कागदांतूनच लक्षात येतात. त्यांतील एक आज आपणापुढे मांडतो.

काही वर्षांपूर्वी एक दांपत्य खर्चात सवलत मिळावी म्हणून आमच्या कार्यालयात आले. लग्नाला नऊ वर्षे झालेली. आधीचे उपचार अन्यत्र घेतलेले. अर्जासोबतची बिले आम्ही नेहमीप्रमाणे तारखेवार लावली. सोनोग्राफी, रक्ततपासण्या, गर्भनलिकांचा एक्स-रे, दोन वेळा दुर्बिणीची तपासणी. प्रत्येक बिलावर नाव पत्नीचे. पतीच्या नावाची एकही पावती नव्हती. वीर्यतपासणीला भूल लागत नाही, टाके पडत नाहीत आणि खर्चही तुलनेने थोडा. तरी नऊ वर्षांत ती झाली नव्हती. ‘ह्यांना कसं सांगायचं?’ एवढेच त्या भगिनी म्हणाल्या. तपासणी झाली तेव्हा शुक्राणूंची संख्या फारच कमी आढळली. त्या वेळी पत्नीचे वय सदतीस होते. खर्च झालेल्या पैशांची बेरीज आम्ही करू शकलो. गेलेल्या वर्षांची नोंद करण्यास आमच्याकडे रकाना नव्हता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात सुमारे सहापैकी एका व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वास सामोरे जावे लागते. अशा सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारणाचाही वाटा असतो. जमाखर्चात प्रत्येक व्यवहार दोन खात्यांवर लिहावा लागतो; एकच बाजू लिहिली तर ताळा जमत नाही. म्हणून त्या प्रसंगानंतर आम्ही या विभागाचा केसपेपर पती-पत्नी दोघांच्या नावाने काढण्याचा नियम केला. प्राथमिक तपासण्याही दोघांच्या एकाच वेळी सुरू होतात.

तयारी केव्हा सुरू करावी? वर्षभर नियमित सहवास असूनही गर्भधारणा झाली नाही, तर दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावे. पत्नीचे वय पस्तीसच्या पुढे असल्यास सहा महिन्यांनंतरच जावे. शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. त्यामुळे तंबाखू, गुटखा व मद्य सोडण्याचा निश्चय उपचारांच्या आदल्या आठवड्यात करून लाभ नाही. तो किमान तीन महिने आधी हवा. शरीर कमावण्यासाठी काही तरुण टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेतात. त्यांनी शुक्राणूंची निर्मिती घटते, हे डॉक्टरांपासून लपवू नये. पत्नीने मशेरी सोडावी, फॉलिक ॲसिडची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने आधीपासून सुरू करावी. रुबेला, थायरॉइड, साखर व रक्तक्षय यांची तपासणी करून घ्यावी. आपल्याकडे जननेंद्रियांचा क्षयरोग हेही गर्भनलिका बंद होण्याचे एक कारण आहे. पूर्वी क्षयरोग झाला असल्यास न संकोचता सांगावे. थॅलेसेमियाची तपासणीही करून घेणे हिताचे.

आता आमच्या विषयाकडे, म्हणजे खर्चाकडे वळतो. उपचारांपूर्वी लेखी अंदाजपत्रक मागावे. इंजेक्शने, स्त्रीबीज काढणे, प्रयोगशाळा, गर्भरोपण, तसेच गर्भ गोठवून ठेवल्यास त्याचे भाडे, या बाबी वेगळ्या दाखवल्या आहेत का ते पाहावे. अनेक आरोग्यविमा पॉलिसींत हा खर्च वगळलेला असतो. अटी आधी वाचाव्यात. पहिल्याच प्रयत्नात यश येईल असे कोणीही प्रामाणिक डॉक्टर सांगणार नाही. म्हणून किती प्रयत्न करावयाचे आणि कोठे थांबावयाचे, हे दोघांनी शांतपणे आधीच ठरवावे. निराशेच्या क्षणी पतसंस्थेचे कर्ज काढून घेतलेला निर्णय सहसा शहाणपणाचा ठरत नाही.

२०२१ च्या सहायक जननतंत्रज्ञान कायद्याने केंद्राची नोंदणी, दोघांची लेखी संमती व यशाच्या शक्यतेविषयी समुपदेशन बंधनकारक केले आहे. आपण नोंदणी क्रमांक विचारलात तर आम्हांस राग येणार नाही, उलट समाधान वाटेल. ‘मुलगाच हवा’ असे मात्र कोणी सुचवू नये. गर्भलिंगनिवड हा गुन्हा आहे.

घरातील वडीलधाऱ्यांनाही एक विनंती. दर महिन्याला ‘काही गोड बातमी?’ असे विचारू नका. बारशाला किंवा ओटी भरण्याच्या कार्यक्रमाला त्या सुनेला मागे ठेवू नका. तिला दुर्बिणीपेक्षा या गोष्टीच अधिक सलतात.

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला. ते महानगरपालिकेचे, सामान्यांचे रुग्णालय होते. हे उपचार केवळ धनिकांसाठी नसावेत, ही भावना आमच्या कार्यामागेही आहे. वीर्याचा नमुना देण्यासाठी आमच्याकडे पूर्वी स्वच्छतागृहाशिवाय जागा नव्हती. त्या कारणाने कितीतरी पुरुष परत जात. एका देणगीदारांनी तेथे छोटी, स्वच्छ, आतून कडी असलेली खोली बांधून दिली. ‘फलकावर माझे नाव तेवढे नको,’ असे ते हसत म्हणाले. नाव लिहिले नाही, ऋण मात्र नोंदवून ठेवले आहे.

त्या दांपत्याचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. त्यांनी दोन प्रयत्न ठरवले होते. दोन्ही अयशस्वी झाले आणि ठरल्याप्रमाणे ते थांबले. आता त्यांनी दत्तक घेण्यासाठी नाव नोंदवले आहे. निरोप घेण्यास आले तेव्हा पती म्हणाले, ‘मूल मिळालं नाही साहेब, पण तो केसपेपर आम्हां दोघांचा होता.’ सर्वांना यश देणे आमच्या हाती नाही. कोणतीही भगिनी हा केसपेपर एकटीने घेऊन फिरणार नाही, एवढे मात्र आपण सर्व मिळून नक्कीच करू शकतो.