परमुलखातील वळण

सोलापूरच्या सपाटीवर हात बसलेला मोटारचालक हिमाचलातील अरुंद घाटात प्रथमच शिरतो, तेव्हा प्रत्येक वळण त्याची परीक्षा घेते. एका बाजूस दरी. आणि वळणापलीकडून एखादी गाडी भोंगा न वाजविता भरधाव उतरते. चढणीवर थांबलेली गाडी पुन्हा हलविणे कठीण. म्हणून उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्यास वाट द्यावी, असे १९८९ च्या रहदारीच्या नियमांत सांगितले होते. परंतु थांबावयास जागाच ठेवलेली नसेल, तर नियम तरी काय करणार? स्थानिक चालकास वळण पाठ असते; परक्यास मात्र पाटी, कठडा आणि रुंद केलेले वळण हेच सांभाळतात. रस्ता बांधावयाचा तो प्रथमच येणाऱ्यासाठी. आणि गाडी हाकावयाची तीही त्याचे स्मरण ठेवूनच.